साखरेच्या वहीत मनाचा रकाना : मधुमेही स्त्रीचे नैराश्य वेळेत ओळखण्यासाठी

आमच्या आईची शुगर निघाल्यापासून घरात रोज सकाळी बिनसाखरेच्या चहावरून एक लहानशी चकमक ठरलेली असे. "ह्यो चहा हाय का काढा," असे म्हणून ती कप खाली ठेवी, कुणीतरी डॉक्टरांचे नाव काढी आणि पाचेक मिनिटांनी कप रिकामा होई. तीन वर्षे हे असेच चालले. मग एका पावसाळ्यात तिची कुरकुर थांबली. चहा दिला की ती मुकाट्याने पिऊ लागली, ताट वाढले की जेवू लागली, आणि आई एकदाची पथ्याला रुळली म्हणून आम्ही मनातून सुखावलो. दिवाळीनंतर तपासणी केली तेव्हा तिचे एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ७.८ वरून १०.४ वर गेलेले होते. सकाळची गोळी आम्ही तिच्या हातावर ठेवत होतो, म्हणून ती पोटात जात होती; रात्रीची गोळी तिने स्वतः उठून घ्यायची होती, आणि त्या गोळ्यांची जवळजवळ दोन पाकिटे डब्याच्या तळाशी तशीच सापडली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी "पथ्य पाळत नाहीत" एवढे सांगून औषधाची मात्रा वाढवली. तिच्या मनाची चौकशी कुणी केली ती त्यानंतर चार महिन्यांनी, आणि तोवर तिने संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणेही सोडले होते.

मधुमेह असलेल्या स्त्रीचे नैराश्य बहुतेक घरांत असेच निसटते. साखर आकड्यात येते म्हणून दिसते. मनाचे मात्र कुणीतरी विचारावे लागते, आणि ते कुणी विचारायचे हे ठरलेले नसते. घरात ज्या कुणाच्या हाती ग्लुकोमीटर, फाइल आणि दवाखान्याची तारीख असते, मग ती लेक असो, सून असो की नवरा, त्या व्यक्तीला समोर ठेवून पुढचे लिहिले आहे. जिला स्वतःला मधुमेह आहे तिनेही ते वाचावे, कारण यातल्या काही गोष्टी तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला करता येणार नाहीत.

धोका किती आणि कशामुळे

४२ अभ्यास एकत्र करून २००१ मध्ये जो निष्कर्ष काढण्यात आला, त्यात मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या दुप्पट आढळली होती, आणि मधुमेही पुरुषांत हे प्रमाण १८ टक्के असताना स्त्रियांत ते २८ टक्के होते. अमेरिकेतल्या ६५,३८१ परिचारिकांची १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे नोंद ठेवून केलेल्या अभ्यासाने या नात्याच्या दोन्ही बाजू दाखवल्या: मधुमेह असलेल्या स्त्रियांना पुढे नैराश्य येण्याचा धोका २९ टक्क्यांनी जास्त होता, इन्सुलिन घेणाऱ्यांना ५३ टक्क्यांनी जास्त होता, आणि उलट बाजूने, आधी नैराश्य असलेल्या स्त्रियांना मधुमेह होण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त होता. इन्सुलिनमुळे नैराश्य येते असा याचा अर्थ कुणी काढू नये. इन्सुलिन ज्यांना लागते त्यांचा आजार बहुधा जुना आणि जड झालेला असतो. आपल्याकडे आधीच सुईला नकार असतो, त्यात ही आणखी एक सबब नको.

शरीरात काय घडते ते थोडक्यात असे की, दीर्घकाळच्या ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि ते रक्तातली साखर वर ढकलते, झोप मोडते, चालणे, शिजवणे, गोळी घेणे जिवावर येते, साखर आणखी चढते, आणि चढलेल्या साखरेचा थकवा पुन्हा मनावर बसतो.

हे आकडे बहुतेक बाहेरचे आहेत. मराठवाड्यातल्या बाईच्या वाट्याला त्याशिवाय जे येते, ते बारकाईने पाहिले पाहिजे. गोळी जेवणाआधी घ्यायची असते, पण ती जेवते सगळ्यांच्या मागून, आणि ऐन वेळी पाहुणा आला तर ते मागून म्हणजे दुपारचे तीन होतात; मग साखर उतरून हातपाय कापतात आणि पुढच्या वेळी ती भीतीने गोळीच टाळते. नळाला आठ-दहा दिवसांनी, तेही अपरात्री पाणी येणार असेल तर जागते ती. ज्या घरात कर्जापायी कर्त्या पुरुषाने जीव दिला, तिथे तिची फाइल कपाटावर जाते आणि बँकेची, तहसीलची कागदे खाली येतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले असतील तर पाळी जाण्याचा काळ एकाएकी आणि अकाली येतो, अंगातून गरम वाफा निघतात, झोप उडते, आणि तिशी-चाळिशीतली बाई "मला काय झालंय ते कळंना" म्हणत राहते. तिला मधुमेह असेल तर तिच्या मनाची विचारपूस दुप्पट काळजीने करावी.

याखेरीज काही वळणे सर्वांनाच धोक्याची असतात. शुगर निघाल्यानंतरचे पहिले काही महिने, इन्सुलिन सुरू होते ते दिवस, पायाची जखम चिघळणे किंवा नजर कमी होणे, गरोदरपणातला मधुमेह आणि त्यानंतरचा बाळंतपणाचा काळ, आणि घरातला मृत्यू. गरोदरपणात साखर वाढलेल्या मुलीची प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा साखर तपासायची असते. ती नेमकी तेव्हा माहेरी असते आणि तपासणी राहून जाते. त्याच फेरीत तिची साखर आणि तिचे मन दोन्ही पाहून घ्यावे.

तिचे शब्द ओळखावेत

"मला नैराश्य आले आहे" असे वाक्य परभणी-हिंगोलीच्या खेड्यातली कुठलीही मावशी बोलणार नाही. ती म्हणते, "जेवू वाटंना," "कशात जीवच लागंना," "हातापायात जोर राहिला नाही," "डोकं जड पडलंय," "नुसतंच रडू यायलंय." कधी "जीव घाबराघुबरा व्हायलाय" म्हणते आणि कधी हसत हसत "मेलं तर सुटंन एकदाची" असे बोलून जाते. हे शेवटचे वाक्य हसत बोलले म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्याविषयी पुढे लिहिले आहे. काही जणींचे नैराश्य रडण्यातून दिसतही नाही, चिडचिडीतून बाहेर पडते, आणि मग घरात तिच्या स्वभावालाच नावे ठेवली जातात.

बोलण्यापेक्षाही तिने काय सोडले याकडे लक्ष द्यावे. सडा-रांगोळी सुनेवर टाकली, बचत गटाच्या बैठकीला दोनदा दांडी मारली, भजनाला जायचे बंद झाले, सासरी असलेल्या लेकीला फोन लावून मागणे थांबले, तेच लुगडे तीन दिवस अंगावर राहिले, असे काही दोन आठवडे सलग दिसले तर ते वयाचे किंवा आळसाचे म्हणून सोडून देऊ नये. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे अचानक आलेले शहाणपण. कायम वाद घालणारी बाई निमूट झाली की घराला बरे वाटते. आम्हालाही वाटले होते.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. "या शुगरीनं वैताग आणला, किती दिवस टोचून घ्यायचं," असे म्हणणारी बाई नातवाशी खेळताना खुलत असेल, लग्नाकार्यात रमत असेल, तर तो आजाराचाच कंटाळा आहे. त्यावर पहिला उपाय तिच्या डोक्यावरचे ओझे उतरवणे हा असतो: गोळ्या डबीत भरून देणे, दिवसातल्या तपासण्या कमी करता येतील का हे डॉक्टरांना विचारणे, जेवणाची वेळ बांधणे. नातूही नकोसा झाला असेल, तर गोष्ट वेगळी आहे.

वहीत पाचवा रकाना

शंभर पानी साधी वही पुरते. तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, औषध घेतले की नाही, असे चार रकाने बहुतेक घरांत असतात किंवा असायला हवेत. त्याला पाचवा रकाना मनाचा जोडावा.

शून्य ते दहा गुण द्यायला सांगण्याचा प्रयोग आमच्याकडे पहिल्याच दिवशी फसला. "मला काय इचारायलीस, तूच लिव्ह काय ते," म्हणून आईने तोंड फिरवले. मग एकदा भाकरी थापत असताना तिला विचारले की, आज मन अख्खी भाकरी आहे, अर्धी आहे की चतकोर. ती थांबली, परातीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "चतकोर. तीबी कडंची." तेव्हापासून पाचव्या रकान्यात भाकरीच काढली जाते: पूर्ण गोल, अर्धा गोल किंवा नुसता कोपरा. अक्षर न येणाऱ्या बाईलाही हे स्वतः काढता येते, आणि महिन्याचे पान उघडले की एका नजरेत चित्र दिसते.

हा रकाना रोज एकाच वेळी, शक्यतो दिवाबत्तीच्या सुमारास भरावा. तिने काढलेल्या खुणेवर वाद घालू नये, "आज तर चांगली होतीस की" असे तर अजिबात म्हणू नये. झोप किती लागली ते शेजारी तासांत लिहावे आणि त्या दिवशी काही वेगळे घडले असल्यास दोन शब्दांत टिपावे. आमच्या वहीत दीड महिन्यात एक गोष्ट उघड झाली, जी आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती: नळाची रात्र झाली की पुढचे दोन दिवस चतकोर आणि उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर. पाणी भरायचे काम पुतण्याकडे दिले. त्याने नैराश्य गेले नाही, पण ते दोन दिवस तरी सुटले.

चौदा दिवसांपैकी निम्म्याहून अधिक दिवशी चतकोर असेल, तर पुढची पायरी घ्यावी. हा नियम वैद्यकशास्त्राचा नव्हे, आमच्या घरचा आहे. वैद्यकशास्त्राचे प्रश्न पुढे आहेत.

आधी दोन प्रश्न, मग नऊ

तीस वर्षांवरील माणसांची मधुमेह आणि रक्तदाबासाठी पाहणी करताना आशाताई जो सीबॅक नावाचा फॉर्म भरतात, त्याच्या शेवटी मनाविषयीचे दोन प्रश्न असतात. घाईच्या पाहणीत ते कधी कधी राहून जातात. ते विचारून घ्यावेत किंवा घरीच विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत कामांत रस किंवा आनंद वाटेनासा होणे असे किती दिवस झाले? मन खचलेले, उदास किंवा आशा सुटल्यासारखे किती दिवस वाटले? प्रत्येक उत्तराला अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २ आणि जवळजवळ रोज ३ असे गुण द्यायचे. बेरीज ३ किंवा अधिक आली तर नऊ प्रश्नांची सविस्तर प्रश्नावली भरावी, जी पीएचक्यू-९ या नावाने मराठीतही मिळते. या दोन प्रश्नांखेरीज त्या प्रश्नावलीत झोप, थकवा, भूक, स्वतःविषयी कमीपणा, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थता, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार यांविषयी विचारलेले असते. एकूण २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले, तर डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. शेवटच्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले तर बेरीज कितीही कमी असली तरी त्याच दिवशी हालचाल करावी. ही प्रश्नावली निदान करत नाही, दार ठोठावते. निदान डॉक्टरच करतील.

प्रश्न कुठे विचारले जातात यावर उत्तरे फार अवलंबून असतात. सासूसमोर, नवऱ्यासमोर किंवा समोरासमोर बसवून कागद हातात घेऊन विचारले तर "मला काय धाड भरलीय" हेच उत्तर मिळेल. तुरीच्या शेंगा सोलताना किंवा डाळ निवडताना, दोघींचेही हात आणि डोळे कामात असताना, तिच्याच बोलीत विचारावे, आणि उत्तर आले की लगेच उपाय सांगू नये.

थकवा नेमका कशाचा

नैराश्याची आणि मधुमेहाची लक्षणे एकमेकांत मिसळलेली असतात. थकवा, वजन घटणे, झोपमोड, भुकेतला बदल ही दोन्हीकडची लक्षणे आहेत, म्हणून मनाचे औषध सुरू होण्याआधी काही साध्या तपासण्या मागून घ्याव्यात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच तर पाहावेच. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी कित्येक वर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वही पाहावे, कारण या औषधाने ते कमी होऊ शकते आणि त्याची कमतरता मुंग्या, थकवा आणि उदासी या रूपांत दिसते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, अंगावरून पांढरे जाणे, जागेवरची खाज हे साखर वाढल्यावर होणारे त्रास बायका वर्षानुवर्षे सांगत नाहीत आणि त्यापायी कुढत राहतात. डॉक्टर पुरुष असतील तर परिचारिकेमार्फत सांगावेत.

"जीव घाबरायलाय," असे ती म्हणाली की आधी ग्लुकोमीटर घ्यावा, मग धीर द्यावा. घाम, थरथर, धडधड ही धास्तीचीही लक्षणे आहेत आणि साखर उतरल्याचीही. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि सावरल्यावर थोडे जेवण द्यावे. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईला असे वारंवार होत असेल तर तिला भित्री ठरवण्याआधी मात्रा आणि जेवणाची वेळ तपासून घ्यावी.

दवाखान्यात काय बोलावे, कुठे जावे

गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटे मिळतात, आणि ती दोन्ही साखरेच्या आकड्यावर जातात. त्यामुळे खुर्चीवर बसताक्षणी पहिले वाक्य मनाचे असावे: "दोन महिन्यांपासून त्यांचे कशात मन लागत नाही, झोप नाही, रात्रीच्या गोळ्या राहतात, या प्रश्नावलीत चौदा गुण आले आहेत." वही उघडून समोर ठेवावी. शेवटी उठताना, पडदा बाजूला सारत सांगितलेले डॉक्टरांच्या कानापर्यंत पोचत नाही. तिला दोन मिनिटे एकटीला बोलू द्यावे अशी विनंतीही करावी, कारण सोबतच्या माणसामुळेच त्रास असेल तर ती त्याच्यासमोर काय सांगणार?

सुरुवात गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी येते हे आधी विचारून घ्यावे म्हणजे खेप वाया जात नाही. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये इथे मानसोपचार विभाग आणि मधुमेहाचे उपचार एकाच आवारात मिळतात, आणि हा फायदा लहान नाही. "मेंदूच्या डॉक्टरकडं" जाताना कुणी पाहील ही धास्ती असणाऱ्या बाईला शुगरच्याच फेरीत तिथे नेता येते. प्रवास शक्य नसेल तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही चालतो.

दोन्ही आजारांचे उपचार जोडून केले तर फरक पडतो, याचा पुरावा भारतातलाच आहे. चेन्नई, दिल्ली, बंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या चार मधुमेह दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक साहाय्यक रुग्णाच्या संपर्कात राही, मन आणि साखर दोन्हींची विचारपूस करी, आणि तज्ज्ञांशी बोलून डॉक्टरांना पुढचे सुचवी. अशा रुग्णांचे नैराश्य आणि साखर-रक्तदाबाचे आकडे एकत्रितपणे नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारले. आपल्या तालुक्याला असा साहाय्यक मिळणार नाही. घरातल्या एका माणसाने ते काम अंगावर घ्यावे. दर पंधरा दिवसांनी दोन्ही गोष्टी विचारायच्या आणि दोन डॉक्टर असतील तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची, एवढेच ते काम आहे.

औषधाविषयी

सौम्य नैराश्यात समुपदेशन पुरेसे ठरू शकते. औषध लागलेच तर ते सुरू करताना मधुमेह असल्याचे आणि चालू गोळ्यांची नावे न विसरता सांगावीत. सरट्रालिन, एसिटालोप्राम यांसारखी औषधे मधुमेहात सहसा चालतात, मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत साखर थोडी उतरू शकते म्हणून तपासण्या वाढवाव्यात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन यांसारख्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते. तरीही तळपायाच्या आगीसाठी डॉक्टर अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन मुद्दाम देतात, तेव्हा चिठ्ठीवरचे नाव मोबाइलवर शोधून घाबरू नये, विचारावे.

गुण यायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणामाला सहा-आठ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, गुण काहीच दिसत नाही, आणि बहुतेक जणी तिथेच सोडतात. या औषधांची व्यसनासारखी सवय लागत नाही, पण ती एकदम थांबवूही नयेत. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवावी लागतात.

घरात

पहिली गोष्ट म्हणजे रागावणे थांबवावे. "तुला सांगून काही उपयोग नाही" याऐवजी "आज गोळी घ्यायला काय आडवं आलं?" असे विचारले तर कधी खरे उत्तर मिळते: चष्मा सापडत नव्हता, पोटात आग होते, पैसे नव्हते, किंवा "काय करायचंय जगून."

मन झाले की उठू, असे म्हणत बसल्यास या आजारात मन होतच नाही. म्हणून ठरलेल्या वेळी ठरलेले छोटे काम लावून घ्यावे, आणि ते तिने पूर्वी आवडीने केलेले असावे. तुळशीला पाणी, दहा मिनिटे शेजारणीकडे, पुढच्या आठवड्यात मंदिरापर्यंत. आठवड्याला एकूण १५० मिनिटे चालणे हे अंतिम ध्येय चांगले आहे, पण खेड्यात एकटी बाई नुसतीच चालायला निघाली तर "कुठं निघाली ही" असे दहा जण विचारतात. सोबतीण आणि निमित्त दोन्ही शोधून द्यावीत, आणि उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत परतावे.

पथ्याच्या नावाखाली तिला सणातून वगळू नये. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळे घर शेतात जाते आणि "तुला काय खायला चालतंय" म्हणून तिला मागे ठेवले जाते. येळवशीच्या भज्जीत ओला हरभरा, तूर, वाटाणा आणि पालेभाज्या असतात. गोड बाजूला ठेवून ती पोटभर जेवू शकते. उपवासाचेही तसेच. नवरात्राचे नऊ दिवस इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर उपाशी राहणे धोक्याचे आहे, पण उपवास सरसकट हिसकावून घेतला तर तिचा देवाशी असलेला संबंध आपण तोडतो असे तिला वाटते. डॉक्टरांना विचारून औषधाची वेळ बदलून घ्यावी, उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवसाच्या, उपवासावर तडजोड करावी, साबुदाण्याऐवजी राजगिरा, शेंगदाण्याची आमटी आणि ताक ठेवावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची गोष्ट निराळी. दिवाळीनंतर टोळी निघते ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. पहाटे तीनला उठून स्वयंपाक, मग फड, मग मोळ्या. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असल्याने आजारी पडण्याची सोय नसते, कारण एकीने घरी राहिले तर अख्खा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, बसतो. निघण्याआधी दोन-तीन महिन्यांच्या दोन्ही प्रकारच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाइलमध्ये फोटो, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव आणि १४४१६ हा क्रमांक जवळ असावा. इन्सुलिन असेल तर ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही असे पिशवीत बांधून, सावलीत ठेवावे.

जिवावर बेतण्याची वेळ

"मेलं तर सुटंन" असे ऐकू आले की तिथेच थांबून सरळ विचारावे: "जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं तेही मनात आलंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, बहुतेक जणींना कुणीतरी विचारले याचेच हलके वाटते. उत्तर होय असेल तर तिला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, तोवर १४४१६ वर बोलावे. फवारणीचे औषध घरात, माळवदावर किंवा गोठ्यात उघडे असेल तर ते घराबाहेर कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. गोळ्या एका आठवड्यापुरत्याच तिच्याजवळ ठेवाव्यात, इन्सुलिन दुसऱ्याने टोचावे. तिने इन्सुलिन किंवा गोळ्या मुद्दाम जास्त घेतल्या असतील तर आत्ताची साखर ठीक दिसते म्हणून वाट पाहू नये; ती काही तासांनी कोसळते. १०८ ला फोन करावा. पोलिसांच्या भीतीने काही घरे रुग्णाला नेतच नाहीत; २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असेच गृहीत धरते आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकते.

बरे वाटू लागल्यावर

नैराश्य परत येऊ शकते, आणि प्रत्येकीची खाली जाण्याची पहिली खूण वेगळी असते. ती बरी असतानाच तिच्याशी बोलून अशा खुणा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वेळी चार महिने जात नाहीत. आईच्या वहीत तिने स्वतः तीन सांगितल्या: रात्रीची गोळी दोनदा राहणे, सलग तीन चतकोर, आणि बचत गटाची बैठक चुकवणे. चौथी मी तिला न विचारता लिहिली, की चहाला नावे ठेवणे बंद होणे. ती वाचून दाखवली तेव्हा तिने वही ओढून घेतली, चश्म्यातून एकदा पानाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "मग नीट करत जावा की चहा."